तीळ काढताना दुखतं किती आणि त्यानंतर काय काय होतं

प्रश्न : वय ४६, प्राथमिक शाळेत शिकवते, घर फोंड्याजवळ. वरच्या ओठाच्या वर उजव्या बाजूला लहानपणापासून तीळ आहे. आधी सपाट होता, आता मसुरीच्या दाण्याएवढा उंच झालाय आणि त्यावर एक-दोन राठ केस येतात. दुसरा पाठीवर आहे, साधारण आठ मिलिमीटरचा, आतल्या कपड्याच्या पट्टीखाली सारखा घासतो. मे महिन्यात मुलीचं लग्न आहे, त्याआधी दोन्ही काढून घ्यायचे आहेत. दुखतं किती, रक्त किती जातं, सुट्टी किती टाकू, डाग राहतो का? शेजारच्या मावशी म्हणतात, काजूच्या तेलाने तीळ आपोआप गळून पडतो. ते करून बघू का?

उत्तर : ताई, मावशींच्या औषधापासून सुरुवात करते, कारण बाकीचं थोडं उशिरा वाचलंत तरी बिघडणार नाही. काजूचं तेल लावू नका. ओल्या काजूबिया सोलणाऱ्या बायकांची बोटं तुम्ही पाहिली असतील. कातडी काळी पडते आणि मग सालीसालीने निघते. टरफलातल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, त्याने कातडी भाजते. बिब्ब्याचंही तसंच. हे तेल तिळाच्या कडेला थांबत नाही आणि किती खोल गेलं ते कुणाच्या हातात नसतं. वरचा भाग जळून गळतो, खालचा तिथेच राहतो आणि भोवती काळा चट्टा उरतो, तोही ऐन ओठावर. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावतात त्याचीही हीच गत. केस किंवा दोरा बांधून पाडतात ती बारीक देठाची लोंबती चामखीळ. तुमचे दोन्ही तीळ रुंद बुडाचे दिसतात, त्यांना दोरा बसायचाच नाही.

आता मुख्य गोष्ट. तीळ काढणं हा सौदा आहे. तीळ द्यायचा आणि त्याच्या जागी व्रण घ्यायचा. व्रण लहान असेल, फिकट असेल, चेहऱ्याच्या रेषेत लपेल, पण असेल. ‘डाग अजिबात राहणार नाही’ असं कुणी सांगितलं, मग मशीन कितीही महागडं असो, तिथून उठून या. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण खुर्चीत बसण्याआधी एकच विचारतो, ‘दोतोर, दुखतलें?’ दुखणं हा या सगळ्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. मन तयार ठेवायचं ते पुढच्या तीन महिन्यांसाठी, कारण त्या काळात ती जागा रोज आरशात वेगळी दिसते आणि माणूस घाबरतो.

काढण्याआधी तीळ नीट बघायला हवा. आम्ही डर्मोस्कोप लावून बघतो. भिंग आणि दिवा एकत्र असलेलं ते छोटं यंत्र असतं, त्यात काही दुखत नाही. ओठावरच्या तिळाचं तुम्ही केलेलं वर्णन साध्या जुन्या तिळाचं आहे. वयाबरोबर असे तीळ उंच होतात, मऊ होतात, रंग फिका पडतो आणि केस येतात. केस असलेला तीळ वाईट हा समज उलटा आहे, सहसा असे तीळ निरुपद्रवी असतात. मात्र एक बाजू दुसरीशी जुळत नाही, कड वेडीवाकडी आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, सहा मिलिमीटरच्या वर गेलाय किंवा गेल्या काही महिन्यांत बदललाय, यातलं काही असेल तर आम्ही सावध होतो. यातही सगळ्यात जास्त वजन ‘बदललाय’ या शब्दाला. पाठीवरचा आठ मिलिमीटरचा आहे आणि तुम्हाला स्वतःला तो दिसत नाही. घरच्या कुणाला तरी त्याचा मोबाइलवर फोटो काढायला सांगा, बाजूला पट्टी धरून. जुना फोटो असेल तर तोही आणा.

जाता जाता एक सांगते. आपल्या लोकांत मेलानोमा हा तिळाचा कर्करोग कमी दिसतो, पण दिसतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो, म्हणजे जिथे कुणी बघत नाही तिथे. चिखलात अनवाणी वावरणारा माणूस तळपायाच्या काळ्या डागाला काटा रुतला असेल म्हणून सोडून देतो. आणि चेहऱ्यावरचा एखादा ‘तीळ’ पुन्हापुन्हा फुटतो, खपली धरतो, बरा झाल्यासारखा वाटतो आणि परत फुटतो. तो बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग असू शकतो. आपल्या त्वचेत तो अनेकदा काळसरच असतो, त्यामुळे तीळच वाटतो. असं काही वाटलं तर लेझरने जाळून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. मग तुकडा तपासायचा आणि गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पाठवायचं. पार्लरमध्ये तीळ काढण्याला माझा जो विरोध आहे तो याच कारणासाठी. जाळलेल्या तिळाचा रिपोर्ट येत नाही.

ठरलेल्या दिवशी उपाशी येऊ नका. पेज, पोळी, जे रोजचं आहे ते खाऊन या. उपाशी पोट, भीती आणि मे महिन्यासारखा उकाडा एकत्र आला की धडधाकट पुरुषसुद्धा सुई बघून डोळे फिरवतात. यात घाबरण्यासारखं काही नसतं, रक्तदाब क्षणभर खाली येतो. म्हणून आम्ही सगळं पेशंटला आडवं झोपवूनच करतो. रक्तदाबाची गोळी रोजच्यासारखी घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. एवढ्याशा कामात थोडं जास्त वेळ दाबून धरावं लागेल, गोळी बंद करून हृदयाचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. पेसमेकर असेल तर तेही आधी सांगायचं, कारण कॉटरीच्या, म्हणजे डागून रक्त थांबवणाऱ्या यंत्राच्या, विजेचा त्याच्याशी संबंध येतो. आणि साखर तपासून घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आपल्याला साखर आहे हे जखम भरेना तेव्हाच कळलं, असे लोक मला नेहमी भेटतात.

दातासाठी हिरडीत इंजेक्शन घेतलंय का, हे मी हमखास विचारते. इथेही तेच औषध असतं, लिग्नोकेन. तेव्हा त्रास झाला नसेल तर सहसा आताही होत नाही. त्यात बहुधा थोडं अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, रक्त कमी यावं म्हणून. त्याने काहींची छाती धडधडते, हात थरथरतात. ती अ‍ॅलर्जी नसते. काही मिनिटांत आपोआप शमतं, तेवढं डॉक्टरला सांगा म्हणजे झालं.

आता सुई. ओठाच्या वरची जागा चेहऱ्यावरच्या सगळ्यात नाजूक जागांपैकी आहे, उगीच गोड बोलण्यात अर्थ नाही. सुई केसासारखी बारीक असते, तिचं टोचणं फारसं कळत नाही. औषध आत शिरतं तेव्हा मात्र झाडावरचा तांबडा हुमला (मुंगळा) चावल्यासारखी आग होते, कारण ते औषध आंबट गुणाचं असतं. दहा-पंधरा सेकंद. डोळ्यांतून पाणी येतं, काहींना शिंक येते. हे रडणं नव्हे, ती नस तशीच आहे. सोडा बायकार्बोनेट मिसळून औषध हळूहळू दिलं की आग बरीच कमी होते. तुमच्या डॉक्टरला तसं करायला सांगायला लाजू नका. फारच भीती वाटत असेल तर बधिर करणारं मलम तासभर आधी लावून वरून प्लास्टिकची पट्टी चिकटवता येते. पाठीवर मात्र मलमाची गरज पडत नाही. तिथली कातडी जाड, सुई सोसते.

औषध दिल्यावर आम्ही थोडा वेळ थांबतो. बधिरपणा एक-दोन मिनिटांत येतो, पण अ‍ॅड्रेनॅलिनला रक्तवाहिन्या आकसायला सात-दहा मिनिटं लागतात. तोवर तीळ आणि भोवतीची कातडी पांढरीफटक पडते. त्यानंतर दुखत नाही, पण कळतं. ओढल्याचं कळतं, दाबल्याचं कळतं, कात्रीचा कुरकुर आवाज येतो. बधिर केल्यावर स्पर्शच जाईल अशी लोकांची समजूत असते, म्हणून पहिल्या ओढीला ते दचकतात. धारदार टोचल्यासारखं काही वाटलं तर हात वर करा, आणखी औषध देता येतं. सोसत पडून राहण्याने काही मिळत नाही.

ओठावरच्या तिळाला मी बहुधा टाका घालणार नाही. उंच आलेला भाग पात्याने कातडीच्या बरोबरीने तासून काढायचा, याला शेव्ह म्हणतात. मग कॉटरीचं टोक लावून रक्त थांबवायचं. त्या वेळी बारीक चर्र आवाज येतो आणि केस जळल्याचा वास येतो. वास नाकाच्या अगदी जवळून येत असल्यामुळे ओठाच्या पेशंटना तोच सगळ्यात जास्त नकोसा होतो. श्वास तोंडाने घ्या. सगळं काम पाच मिनिटांचं. शेव्हचा तोटा असा की तिळाची मुळं थोडी आत राहतात, केसाचं मूळही राहू शकतं, म्हणजे केस परत येऊ शकतो. तरीही ओठावर मी शेव्हच पसंत करते, कारण टाक्यांची रेष बोलताना-हसताना सारखी हलते आणि तिथला सपाट फिका ठिपका रेषेपेक्षा कमी उठून दिसतो. हे माझं मत. काही सर्जन लंबवर्तुळाकार काढून बारीक टाके घालतील, तेही चूक नाही.

काढलेला तीळ बहुतेकांना बघायचा असतो. फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत तो तळाशी जातो, आकसतो आणि करडा दिसतो. इतकी वर्षं आरशात जो एवढा मोठा वाटत होता, तो हाच का, असं म्हणत बघतात.

पाठीचं गणित वेगळं आहे आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. आठ मिलिमीटरचा तीळ, दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर चांगली कातडी, म्हणजे रुंदी साधारण बारा मिलिमीटर. गोल तुकडा काढून टाके घातले तर दोन्ही टोकांना कातडीची घडी वर येते, म्हणून माशाच्या आकाराचा तुकडा काढावा लागतो, रुंदीच्या तिप्पट लांब. म्हणजे आठ मिलिमीटरच्या तिळाची टाक्यांची रेष साडेतीन सेंटिमीटरची होणार. हे आधी सांगितलं नाही तर टाके बघून घरची माणसं विचारतात, ‘तीळ काढला की गाठ?’ आत विरघळणारे टाके आणि वर नायलॉनचे. वेळ अर्धा-पाऊण तास. पोटावर झोपून मान एका बाजूला, तेवढ्यात मान मात्र अवघडते.

रक्त किती, तर ओठाला दोन-चार गॉज भिजतील, पाठीला थोडे जास्त, कारण तिथली जखम मोठी. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर म्हणून तिथे रक्त जास्त येतं, पण त्याच कारणाने चेहरा लवकर भरतो आणि सहसा पिकत नाही.

घरी जाताना स्कूटर चालवू नका. ओठावर पट्टी आणि वरून हेल्मेटचा पट्टा, शिवाय पाठीला नुकतेच टाके. कुणाला तरी सोबत आणा. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसून खड्ड्यांतून जाण्यापेक्षा बस किंवा रिक्षा बरी. ओठ दोन-तीन तास सुन्न असतो, तोवर गरम चहा नको. भाजलेलं कळत नाही. जेवतानाही आपलाच ओठ चावला जातो. सुन्नपणा उतरला की ओठाला चुरचुर आणि पाठीला ठणका लागतो. एक पॅरासिटामॉल पुरते, रात्री झोपताना आणखी एक. दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्त पाझरायला लागतं. पुरुष पेशंटना मी दोन दिवस दारू नको असं बजावते, आणि मार्च-एप्रिलमध्ये हुर्राकचं, म्हणजे काजूच्या सौम्य दारूचं, नाव घेऊन बजावते, कारण हुर्राकला कुणी दारूत धरतच नाही. दारूने रक्तवाहिन्या फुलतात आणि थांबलेलं रक्त परत सुरू होतं.

पट्टी लाल झाली तर स्वच्छ गॉज ठेवून बोटाने घट्ट दाबा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धरा. मध्ये उचलून बघायचं नाही. दर दोन मिनिटांनी उचलून बघणाऱ्यांचंच रक्त थांबत नाही. दोनदा असं करूनही येत राहिलं तर फोन करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ सुजलेला दिसेल, सगळ्यात जास्त त्याच दिवशी. दुपारपर्यंत उतरतो. जखमेतून पिवळसर पाणी येतं, तो जखमेचा नेहमीचा पाझर असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखमेवर पांढरट-पिवळा थर धरतो आणि इथे निम्मे लोक फोन करतात, ‘पू झाला!’ पू नसतो. तो भरण्याचा थर आहे, चोळून काढू नका. पू झाला तर दुखणं दिवसागणिक वाढतं, भोवतीची लाली पसरते, जागा गरम लागते, घाण वास येतो, कधी ताप येतो. साधी जखम रोज थोडी कमी दुखते. फरक ओळखायला एवढं पुरेसं आहे.

आता जखमेची निगा. आपल्याकडे जखम उघडी ठेवून सुकवायची जुनी सवय आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवर दाखवून दिलं की ओलसर झाकलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा वेगाने नवी कातडी धरते. तेव्हा ओठावर दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचं, टिपून घ्यायचं, वर साधी पेट्रोलियम जेली लावायची. खपली जाड होऊ द्यायची नाही. हळद भरू नका. मेडिकलमध्ये विचारलं की जे तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम हातात देतात, तेही नको. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्याने भरण लांबतं. पहिल्या आठवड्यात मोठ्याने ओरडून शिकवणं, पोटभर हसणं, आंब्याची कोय चोखणं, हे सगळं ओठ ओढतं. वर्गात आवाज थोडा खाली ठेवा, मुलांनाही बरं वाटेल. सात ते दहा दिवसांत ओठावर गुलाबी पातळ कातडी येते. रजा ओठासाठी दोन दिवस पुरे.

पाठीसाठी आठवडाभर जड काम नको. पाण्याच्या बादल्या, गॅसचा सिलिंडर, विहिरीचा रहाट, आदोळीवर बसून वाकून नारळ खवणं, कपडे पिळणं, या सगळ्याने पाठीची कातडी ताणते. टाके बारा ते चौदा दिवसांनी निघतात. लोकांना वाटतं टाके निघाले म्हणजे झालं. त्या वेळी जखमेची ताकद मूळ कातडीच्या दहा टक्केही नसते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. म्हणून टाके काढल्याच्या संध्याकाळी सिलिंडर उचलणाऱ्याची जखम उसवते, नाहीतर व्रण रुंद होतो. ठरवून आणखी महिनाभर जपा. आंघोळ दुसऱ्या दिवसापासून करा, पट्टी ओली झाली तर लगेच बदला. आपल्या हवेत घामाने चिकटपट्टी सुटते आणि कडेला पुरळ येतं, त्यासाठी कागदी टेप बरी, आणि जुना सैल सुती ब्लाउज. आतल्या कपड्याची पट्टी टाक्यांवर येणार असेल तर दोन आठवडे ती वापरूच नका, किंवा खाली गॉजची घडी ठेवा.

समुद्रस्नान नको. मे महिन्यात खारं पाणी अंगाला चांगलं म्हणून बरेच लोक किनाऱ्यावर जातात, पण उघड्या जखमेला वाळू आणि समुद्राचं पाणी दोन्ही वाईट. टाके निघून कातडी पूर्ण मिटल्यावर आठवड्याने जा. पावसाळ्यात पायावरचा तीळ काढणाऱ्यांना मी शेतात उतरू नका म्हणून बजावते, कारण चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू जखमेवाटे शिरतात. शेती असेल आणि तीळ पायावर असेल तर भातलावणी आटोपल्यावर या. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर घेऊन टाका.

खाण्याचं पथ्य विचाराल. वांगं, फणस, सुकी मासळी, आंबट काही नको, जखम चरते, असं प्रत्येक घरातल्या म्हातारीने सांगितलेलं असतं. बांगडा खाऊन जखम पिकत नाही. उलट भरायला प्रथिनं लागतात आणि मासळीत ती भरपूर. तंबाखूने मात्र भरण लांबते, बिडी-सिगारेट असो की मिश्री.

आता ज्या काळात लोक सगळ्यात जास्त घाबरतात तो काळ. तीन आठवड्यांपासून दोन-अडीच महिन्यांपर्यंत पाठीचा व्रण लाल, कडक आणि किंचित उंच होतो. हात लावला तर दोरीसारखा लागतो, खाजतो, कधी मधूनच चमक मारतो. भोवतीची कातडी काही महिने बधिर राहते. चार-सहा आठवड्यांनी एखादी बारीक पुळी येऊन त्यातून आतल्या टाक्याचं टोक डोकावतं. चिमट्याने काढलं की संपतं. दोन्ही टोकांना थोडा फुगवटा राहिला तर बराचसा आपोआप बसतो. व्रण मऊ आणि फिका व्हायला वर्ष लागतं. पाठीवर तो रुंदावतो, कितीही चांगले टाके घातले तरी. पाठीच्या कातडीला ओढ फार. ओठावर उलटा प्रकार होतो. गुलाबी जागा तीन-चार आठवड्यांत तपकिरी पडते. आपल्या सावळ्या कातडीची ती सवयच आहे, जिथे सूज येते तिथे काळपट रंग धरतो. ऊन लागलं तर तो रंग महिनोन्‌महिने जात नाही. कातडी मिटली की रोज सकाळी एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन लावा, शाळेच्या पटांगणावर उभं राहायचं असेल तर दुपारी परत.

कुणाच्या अंगावर जुनी जखम फुगून तिच्या मूळ हद्दीबाहेर पसरलेली असेल, कान टोचल्यावर गाठी आल्या असतील, तर तो केलॉइड. छाती, खांदे, वरची पाठ, कानाची पाळी, जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. तुम्हाला किंवा घरात कुणाला असं असेल तर पाठीचा तीळ काढण्याआधी सांगा. मग मी त्याला हातच लावणार नाही असं म्हणू शकते, कारण तीळ गेला आणि केलॉइड आला तर सौदा तोट्याचा. साधा उंचावलेला व्रण असेल तर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, जखम मिटल्यावर, दिवसाचे बारा तास तरी, दोन-तीन महिने. रोज थोडा वेळ व्रण दाबून चोळायचा. लवकर धीर सोडणाऱ्यांना याचा उपयोग होत नाही.

लग्नाचं वेळापत्रक. ओठाचा आताच काढा. डिसेंबर-जानेवारीत काढला तर मेपर्यंत तपकिरी रंग बहुतांशी ओसरलेला असतो, उरलासुरला मेकअपखाली जातो. कातडी मिटून दोन आठवडे झाले की मेकअप चालतो. फेब्रुवारी संपेपर्यंत काढला नाही, तर मग लग्नानंतरच. पाठीचा लग्नाआधी काढायची मला घाई दिसत नाही, जर तपासणीत तो साधा निघाला तर. मागून खोल गळ्याचा ब्लाउज शिवायला टाकला असेल तर ऐन मेमध्ये लाल, उंच व्रण त्यातून दिसेल आणि लग्नघरात उचलठेव करून जखम ताणली जाईल ती वेगळीच. पाठीचा जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी करा. संशयास्पद निघाला तर मात्र लग्न, मुहूर्त, काही बघायचं नाही, त्याच आठवड्यात काढायचा.

शेवटी रिपोर्ट. प्रत्येक काढलेला तीळ पॅथॉलॉजीला पाठवायचा, कितीही निरुपद्रवी दिसो. हा खर्च वाचवू नका, कुणी वाचवू देत असेल तरीही. रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. त्यात ‘इंट्राडर्मल मेलानोसायटिक नीवस’ असं लिहिलेलं असेल तर तो तुमचा नेहमीचा, साधा तीळ. ओठाच्या रिपोर्टात खालच्या कडेपर्यंत पेशी दिसतात असंही लिहिलेलं असेल. घाबरू नका, शेव्हमध्ये ते अपेक्षितच असतं. पुढे काही महिन्यांनी व्रणाच्या आत एखादा तपकिरी ठिपका परत उमटू शकतो. तो व्रणाच्या हद्दीतच असेल तर बहुधा उरलेल्या पेशींचाच रंग असतो, तरी दाखवायला या. व्रणाबाहेर सरकत असेल तर उशीर करू नका. आणि येताना पहिला रिपोर्ट हमखास आणा, मी असेन किंवा दुसरा कुणी डॉक्टर असेल. एकदा तासलेला तीळ परत उगवला की सूक्ष्मदर्शकाखाली तो मेलानोमासारखा विचित्र दिसू शकतो. पॅथॉलॉजिस्टला जुना रिपोर्ट मिळाला नाही, तर साध्या तिळासाठी तुमच्यावर नको ती मोठी शस्त्रक्रिया व्हायची वेळ येऊ शकते. मूळ प्रत फाइलमध्ये ठेवा आणि फोटो काढून मुलीच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.